त्या सैनिकाला मी शूर केलं

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी थाप माझ्या तोंडातून बाहेर पडायच्या आधीच ओळखू येते. ही एकच निसटली.

आमच्या या परदेशी शहरात यिशुनपासून हार्बरफ्रंटपर्यंत कुठल्याही मराठी घरात विचारा, रशियन कुणाला येतं? माझंच नाव निघेल. कंपनीने मला एकदा नऊ दिवस मॉस्कोला पाठवलं होतं. सांगता सांगता त्या नऊ दिवसांची दोन वर्षं कधी झाली, माझं मलाच कळलं नाही. तिथल्या भाजीवालीशी मी तिच्याच भाषेत भांडलो आणि शेवटी ती मला जावई करून घ्यायला निघाली — हे तर मी इतक्यांदा सांगितलंय की आता तिचा चेहरासुद्धा आठवतो.

तर आमच्या मराठी मंडळाचा सिनेमा होता. रविवारची दुपार, बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डो सोसायटीतला हॉल, चाळीस माणसं, साबुदाणा वडे. सिनेमा रशियन, जुन्या युद्धावरचा, ढीगभर बक्षिसं मिळवलेला. लावला, तर खाली अक्षरं चिनी. डिस्क इथल्याच दुकानातली, इंग्रजीचा पत्ताच नाही. मग चाळीस माना माझ्याकडे वळल्या.

नाही कसं म्हणणार? तुम्ही म्हणाला असतात?

पडद्याशेजारी उभा राहिलो आणि दोन तास असा बोललो, की काय सांगू. बर्फ पडायला लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी एसी बंद करायला लावला. सेनापतीच्या तोंडी मी साताऱ्याकडची बोली घातली, ती त्याला शोभून दिसली. शेवटी एक सैनिक मेलेल्या मित्राच्या आईसमोर बसतो, खाली मान घालून बोलतो, आणि ती रडते. मी सांगितलं — आई, तुमचा मुलगा सगळ्यांच्या पुढे धावला, छातीवर गोळी घेतली, शेवटपर्यंत मी त्याच्याजवळ होतो. स्वतःच्या मुलीच्या पाठवणीत कोरडे राहिलेले जोशीकाका चष्मा पुसायला लागले.

आणि ईरा बोलली. माझा ऑफिसातला मित्र सुहास, त्याची मुलगी. तेव्हा बारा वर्षांची, शाळेत दुसरी भाषा म्हणून चिनी शिकणारी, इथल्या मुलांसारखी वाक्याच्या शेवटी 'ला' लावणारी.

"अंकल, नॉट लाइक दॅट ला. तो म्हणतोय, मी घाबरून पळालो. त्याला एकट्याला सोडून."

इथे थांबता आलं असतं ना? मला रशियन येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. लोकांनी चार दिवस चेष्टा केली असती — मग? पण दुपार माझी होती. मी तिच्याकडे पाहून हसलो — प्रेमाने हसलो, तेच सगळ्यांत वाईट — आणि म्हणालो, "बाळा, तुझं चिनी अजून कच्चं आहे. जरा अभ्यास वाढव हं."

हॉल हसला. सुहासने तिला उभं करून सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं. मी लावू दिलं. वर तिच्या डोक्यावर हात ठेवून माफही केलं. मग टाळ्या पडल्या, त्या अशा की खालचा गार्ड पळत वर आला. तसा विजय मला पुन्हा मिळालेला नाही.

चार दिवसांनी तोच सिनेमा इंग्रजी अक्षरांसकट घरी एकट्याने पाहिला. तिचा शब्दन् शब्द खरा होता.

हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की सुहास अजूनही तिला चिनी पाटी वाचायला सांगतो. ती "डोन्ट नो ला" म्हणते आणि फोन काढते. हे कधीपासून, ते सुहासला माहीत नाही. मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात एकाच्या पन्नाशीला आग्रह झाला, तो शेवट पुन्हा ऐकवा. ईरा समोरच बसली होती, आता सतरा वर्षांची. मी उठलो. सैनिकाच्या मित्राला पुन्हा छातीवर गोळी दिली, आणि या वेळी हातात झेंडाही दिला. घर दणाणून गेलं. ईरानेही टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत बघत, सावकाश — सगळ्यांच्या थांबल्यानंतरही थोडा वेळ.