नेमकाकांचा डबा

बाण सोडण्याआधी नेमकाका करंगळीने कान साफ करत. आपण चष्मा पुसतो तसा. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. आता पुसण्यासारखं एवढंच उरलंय, असं तेच म्हणत. मग अनवाणी पाय मातीत रोवायचे, छातीवर क्रूस करायचा आणि मान किंचित वाकडी करून थांबायचं. भुईगावच्या त्यांच्या वाडीत पेरूच्या फांदीला पत्र्याचा एक डबा टांगलेला होता, आत खडे घालून. मूळचा तो पेरूंवरचे पोपट उडवायचा डबा. त्याची दोरी घराच्या पायरीपर्यंत आणलेली, आणि पायरीवर बसून मार्टिनाकाकू, म्हणजे त्यांची बायको, ती ओढत. डबा खडखडला की बाण सुटे आणि डब्याच्या बरोबर खाली रचलेल्या केळीच्या बुंध्यांत शिरे.

"लागला?" काका विचारत.

"लागला," काकू म्हणत. चुकला तर "गेला". यापलीकडे कौतुक नाही की सांत्वन नाही. खरं तर काकांना आवाजावरून सगळं कळायचं. ओल्या केळीत बाण शिरला की थप्प, मागच्या मातीच्या बांधात घुसला की नुसतं भस्स. मग विचारता कशाला, असं मी एकदा काकूंपाशी बोलले. "त्याला माझ्या तोंडून ऐकायचं असतं," त्या म्हणाल्या आणि वालाच्या शेंगा सोलत राहिल्या.

मी त्या वाडीत गेले होते केळी घ्यायला. मूळची साताऱ्याकडची, मोठ्या फ्लॅटच्या नादाने वसईकर झालेली, आणि उजवा खांदा आखडल्यामुळे स्वतःची वेणीही घालता येईना म्हणून साऱ्या जगावर चिडलेली. काकूंपुढे माझं रडगाणं चाललं होतं. झाडाखालून काकांनी हाक मारली आणि लहान मुलांचं असतं तसलं हलकं बांबूचं धनुष्य हातात दिलं. मी म्हटलं, मला जमायचं नाही. ते म्हणाले, नाही जमलं तर केळी घेऊन घरी जा, केळी कुठे पळून जात नाहीत.

पहिली आज्ञा झाली डोळे मिटायची. "तुझे डोळे फार बडबड करतात," ते म्हणाले. "जरा गप्प बसव त्यांना." डोळे मिटल्यावर आधी पायाखालचा गारवा कळला, वाडीला नुकतंच पाणी सोडलं होतं. मग दोरी. ती ओढत हनुवटीला टेकवायची, अंगठा जबड्याच्या हाडाखाली बसवायचा, आणि पाठीची दोन पाती एकमेकांकडे सरकतात ती ओळखायची. इतकी वर्षं ती पाती माझ्या पाठीवर होती, पण ओळख नव्हती. खांद्यातून कळ आली की काका म्हणत, तिथेच थांब, उद्या जरा पुढे जाऊ. डबा वाजला, बोटं सुटली, दोरीची थरथर मनगटात उतरली आणि समोरून थप्प आलं. बाण काढायला गेले तर केळीचा कच्चा, ओला वास आणि कुर्त्यावर चिकाचे डाग. ते डाग मेलं तरी जात नाहीत. माझे दोन कुर्ते कायमचे कामातून गेले, पण वेणी घालता यायला लागली.

काका हे शिकले होते लहानपणी, वाडीवर कामाला येणाऱ्या एका आदिवासी गड्याकडून, त्याच्या तीरकामठ्यावर. डोळे गेल्यावर वर्षभर ते खाटेवरून उठले नव्हते. मग एका सकाळी काकू पोपट उडवत होत्या, डबा वाजला, आणि काकांनी जुनं धनुष्य मागितलं. "त्या दिवशी जेवला नीट," काकूंनी मला सांगितलं. त्या धनुष्यावर तो माणूस उभा होता हे मला तेव्हाच कळलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की वाडीत माणसं येत. गुडघे गेलेल्या एक आजी, पायांत जोर नसलेली एक कॉलेजातली मुलगी, दोन-तीन निवृत्त मंडळी. त्या मुलीला काकांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. "बाण काय तुझे पाय विचारतो?" ते म्हणाले. तिचा नेम आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला होता आणि ती ते आम्हाला विसरू देत नसे.

मग शेजारची वाडी विकली गेली. भराव पडला, टॉवरचं काम सुरू झालं, कुंपणापलीकडे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. सळ्या कापण्याचं यंत्र एकदा सुरू झालं की डबा ऐकूच येत नसे. काका मग कामावरचे भोंगे वाजण्याआधी, अगदी उजाडताना उभे राहू लागले. कान साफ करणं वाढलं. "गेला" जास्त ऐकू येऊ लागलं. मी म्हटलं, तक्रार करू. ते म्हणाले, कोणाची? घरं तर सगळ्यांनाच हवीत, तूही फ्लॅटातच राहतेस.

त्या सकाळी मी तिथेच होते. काकांनी दोरी ताणली होती, काकूंनी अजून डबा वाजवला नव्हता. कुंपणापलीकडे कोणीतरी पत्र्याची बादली आदळली. काका आवाजाकडे वळले आणि बाण सोडला. थप्प आलं नाही. खट्ट आलं.

बाण एका खोलीच्या प्लायवुडच्या दारात रुतला होता. दाराशी एक बाई तान्ह्या मुलाला अंघोळ घालत होती. तिने मुलाला पदरात गुंडाळलं, बाण उपटला, कुंपणाला वळसा घालून आली आणि काकांच्या हातात दिला. "बाबा, ये आपका है," एवढंच म्हणाली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मूल रडायला लागलं तेव्हा काकांना कळलं की कडेवर मूल आहे. बाण कुठे लागला, त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, मुलापासून हातभर. काकांनी धनुष्याची दोरी उतरवली, बोटांना गुंडाळली आणि काकूंच्या हातात ठेवली. कोणी थांबा म्हणालं नव्हतं. मला फार राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

त्यानंतर काका पुन्हा खाटेला लागले. पावसाळ्यात भरावाचं पाणी उतरून वाडीत साचलं, केळी कुजल्या, पेरू वठला. डबा मात्र वाळल्या फांदीवर होता. मी जाई तेव्हा पाहत असे: उजाडलं की काकू पायरीवर बसून दोरी ओढत. आत खाटेवर काका डावा हात पुढे धरत, रिकामा उजवा हात जबड्यापर्यंत आणत आणि बोटं सोडत.

"लागला?"

"लागला," काकू बाहेरून सांगत. पण एखाद्या दिवशी "गेला" म्हणत, आणि काका पुन्हा हात ताणत. रोज लागला म्हटलं असतं तर त्यांनी विचारणं सोडलं असतं, हे काकूंना ठाऊक होतं.

एका सकाळी काकूंनी दोरी ओढली, डबा वाजला आणि आतून कोणी विचारलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेले होते. काकू पायरीवरच होत्या. मला बसायला सांगून त्यांनी दोरी ओढली आणि जरा वेळ तशाच थांबल्या. मी विचारलं, काकू, आता कशाला?

"पोपट फार झालेत," त्या म्हणाल्या.

त्या वाडीत आता फळ धरणारं एकही झाड उरलेलं नाही.