नेद्याल्कानं लावलेलं शोकपत्रक

माणूस गेला की त्याच्या फोटोचं शोकपत्रक फाटकावर, खांबांवर, बसथांब्यावर लावायचं. वर्ष भरलं की पुन्हा नवं. आमच्या बल्गेरियातली ही रीतच. गावची पत्रकं मी छापतो. मेलेल्यांनी मला कधी त्रास दिला नाही. डोकं खातात ते जिवंत.

नेद्याल्का शिवणकाम करते. तिचा नवरा दोब्री मधमाश्या पाळायचा. शाळेत तो आणि मी एका बाकावर होतो. इतका हळवा की ईस्टरचं कोकरू कापायच्या दिवशी डोंगरात पळून जायचा, आणि ती त्याला हसायची.

मग त्याच्या कपाळामागे, मेंदूत, गाठ निघाली. शहरात शस्त्रक्रिया झाली. घरी आला तेव्हा पाढे पाठ, शेजाऱ्यांची नावं पाठ. पण पुढं त्याची आई वारली, तर हा कबरीपाशी उकडलेल्या गव्हाचा प्रसाद दोनदा मागून खातो आणि विचारतो, "साखर कमी का?"

डॉक्टर म्हणाले, "स्मरणशक्ती शाबूत आहे, हातपाय धड आहेत. आणखी काय हवंय, बाई?"

पाद्री म्हणाले, "श्वास आहे तोवर आत्मा आहे. देवाचे आभार मान."

शेजारची स्तामेना तर फणकारली, "आमचे पिऊन मारतात. तुझा गप्प बसतो, ते दुखतंय होय तुला?"

म्हणजे बिचारीला रडायचीही चोरी. मेंदूवाला आणि आत्मेवाला, दोघांनी मिळून तिचा माणूस जिवंत ठरवला. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

वर्षानं ती माझ्याकडे आली. "दोब्रीचं पत्रक छापून दे. एकच."

"नेद्याल्काताई, आत्ता तर तो पाव घेताना दिसला!"

"पाव घेणारा दिसला. दोब्री दिसला का?" मग हळूच म्हणाली, "चिडू दे रे त्याला. शिव्या देऊ दे, थोबाडीत मारू दे. मी पाया पडेन त्याच्या."

तिनं सांगितली ती मृत्यूची तारीख घालून मी छापलं.

सकाळी पत्रक तिच्या फाटकावर, आणि फाटकापाशी ही गर्दी! "जिवंत नवऱ्याला मारतेस, सटवे?" सगळ्यात मोठा आवाज स्तामेनाचा. तेवढ्यात दोब्री बाहेर आला. त्यानं स्वतःचा फोटो पाहिला, ओळन्‌ओळ वाचली. नेद्याल्का फाटक धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"तारीख चुकली," तो मला म्हणाला. "शस्त्रक्रिया नऊ तारखेला झाली. इथं आठ आहे. दुरुस्त करून दे." आणि न्याहारीला आत गेला.

स्तामेनानं छातीवर क्रूसाची खूण केली, पुढं झाली आणि नेद्याल्काला कवेत घेतलं. "रड, बाई," म्हणाली.

दुपारी मी नऊ तारीख घालून पत्रकं छापली. या वेळी एक नाही, गावातल्या सगळ्या खांबांना पुरतील एवढी.