बशीतलं सूत

आमची पहिली गाडी सेकंडहँड होती. पांढरी, जाड पत्र्याची, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असलेली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या गल्लीत चारचाकी आली की लोक विचारायचे, कुणाकडे डॉक्टर आलाय का? मी सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर पाठवणारा माणूस. अशा माणसाच्या हातात पाना आला की त्याला चढते. मला चढली.

गाडी घेतली होती ती खरं तर बायकोसाठी. ती शिक्षिका, आणि तिची शाळा अंबाडीच्या पुढे, वाड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात. सकाळची एसटी कधी भरून यायची आणि न थांबता निघून जायची, कधी यायचीच नाही. पहिला तास गणिताचा, आणि आठवड्यातून दोनदा तरी तो बुडायचा. मुलं शाळेच्या ओट्यावर पाट्या घेऊन वाट बघत बसलेली असायची, ते तिला सहन होत नसे. एक दिवस घरी येऊन तिने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, "मी गाडी शिकणार." आमच्या घराण्यात तोवर कुठली बाई सायकलवरही बसली नव्हती. पण तिच्या आवाजावरून कळलं की हा विचारविनिमयाचा विषय नाही.

महिनाभर मी तिला शिकवत होतो आणि ती छान शिकत होती. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा छान. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला तीन आठवडे उरले, तेव्हा माझ्या मनात आलं की परीक्षेला गाडी कशी टकाटक पाहिजे. नाक्यावरच्या मिस्त्रीला मी जाता जाता ऐकवलं, "यापुढे सर्व्हिसिंग मी घरीच करणार." तो बिडी न काढता म्हणाला, "करा साहेब. आम्ही इथंच आहोत."

एका रविवारी मी बाही वर करून बसलो. प्लग काढले, घासले. पॉइंट घासले. एअर फिल्टर झटकला. मग कार्ब्युरेटर उघडला आणि त्याच्या पोटातली एकूण एक वस्तू पुसून चकचकीत केली. पुसायला काय, तर वेस्ट. आमच्या गावात दुसरं कशाने कोण पुसतं? शेजारच्या चाचांचे चार यंत्रमाग होते. मागातून तुटून निघालेल्या सुताचा गुंता म्हणजे वेस्ट, आणि चाचा ते मला ओंजळीने द्यायचे. मऊ, पांढरंशुभ्र, फुकट. आम्ही त्याने सायकली पुसायचो, स्टो पुसायचो, खिडक्यांच्या काचा पुसायचो. मी कार्ब्युरेटरचं पेट्रोलचं भांडं आतून पुसलं, पेट्रोल सोडणारे इवलेसे जेट पुसले, जेटच्या भोकात वेस्टचा पीळ घालून तोही फिरवला. दुसऱ्या कुठल्या गावात असतो तर फडकं घेतलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

संध्याकाळी गाडी सुरू झाली, झोकात पळाली. पण वळणावर बायकोने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि गाडी बंद. परत सुरू केली. नाक्यावर थांबली, परत बंद. पळताना काही तक्रार नाही, उभी राहिली की मान टाकायची.

"कालपर्यंत तर असं होत नव्हतं," ती म्हणाली.

"काल तू घाबरून क्लच हळू सोडत होतीस," मी म्हणालो. "आता आत्मविश्वास वाढलाय, म्हणून घाई होतेय."

हे वाक्य मला इतकं पटलं की मी ते पुढे तीन आठवडे वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहिलो.

सरावाला आम्ही शेलार गावाच्या बाजूला जायचो. तिथे रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर एक आजोबा बसलेले असायचे. शेतावर पाण्याचं डिझेल इंजिन चालवण्यात त्यांची हयात गेली होती. आमची गाडी त्यांच्यासमोर रोज पाच-सहा वेळा तरी बंद पडायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ते उठून जवळ आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "ताई, तुमचा पाय बराबर हाय. इंजानच दम धरत न्हाय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांना म्हणालो, "बाबा, पाण्याचं इंजिन वेगळं आणि मोटारीचं वेगळं."

"आसंल बाबा," ते म्हणाले आणि पुन्हा मोरीवर जाऊन बसले.

पहिले काही दिवस मला खरोखरच तिचा क्लच चुकतोय असं वाटत होतं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पण मग मी एकटा गाडी घेऊन कचेरीत गेलो आणि लक्षात आलं की थांबताना माझी टाच ब्रेकवर आणि चवडा अ‍ॅक्सिलरेटरवर असतो. गाडी बंद पडू नये म्हणून माझा पाय आपोआपच ही कसरत करत होता. म्हणजे दोष गाडीत होता, आणि गाडीला शेवटचा हात माझा लागला होता. मला हे कळलं होतं. मान्य करायचं नव्हतं. मान्य केलं असतं तर नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जावं लागलं असतं, आणि त्याचं ते "आम्ही इथंच आहोत" माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं.

तेव्हा मी गुपचूप दुरुस्ती करू लागलो. आयडलिंगचा स्क्रू थोडा आवळला, तर इंजिन उभ्या जागी किंचाळायला लागलं. ढिला केला तर गप्प. प्लग बदलले. पॉइंटमधली फट पुन्हा मोजली. कुठून हवा खात असेल म्हणून नवं गॅस्केट बसवलं. दर दोन दिवसांनी कार्ब्युरेटर उघडायचा, सगळं पुन्हा पुसायचं. पुसलं की गाडी थोडा वेळ बरी चालायची, म्हणून माझा पुसण्यावरचा विश्वास वाढतच गेला. आणि आमच्या गल्लीत इंजिनाचा आवाज ऐकणं म्हणजे तरी काय? दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे तेच यंत्रमाग, दिवसभर खटाखट. इंजिन चालू आहे की बंद पडलं हे बघायला मी त्याच्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवायचो. पाणी थरथरलं तर चालू.

इकडे बायको मात्र खचत चालली होती. पूर्वी ती गाडीत बसली की पदर खोचून, मान ताठ करून बसायची. आता ती किल्ली फिरवायच्या आधी पायाकडे बघायची. घरात भाजी चिरतानाही तिचा डावा पाय क्लच सोडावा तसा हळूहळू वर येताना मी पाहिला. परीक्षा सोमवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "नापास झाले तर मी परत जाणार नाही. नसेल जमत एखाद्याला. एसटीच बरी." रडली वगैरे नाही. पाढे म्हणावेत तशा आवाजात म्हणाली.  त्या क्षणी सांगायला हवं होतं, आणि मी ताक मागितलं.

शुक्रवारी मी किरकोळ रजा टाकली. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात, म्हणजे गल्लीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. ती शाळेत गेली आणि मी पुन्हा बॉनेट उघडलं. लूमच्या गोंगाटाशिवाय, बॉनेट उघडं ठेवून पहिल्यांदाच ते इंजिन नीट ऐकलं. त्याला धाप लागली होती. दोन श्वास घ्यायचं, एक चुकवायचं, मग गप्प. मला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

कार्ब्युरेटर उघडला. भांड्यातलं पेट्रोल ओतायला हाताशी काही नव्हतं, म्हणून बायकोच्या कपबश्यांतली एक बशी घेतली आणि त्यात ओतलं. तेवढ्यात चाचा चहाचा ग्लास घेऊन ओट्यावर आले. लूम बंद असले की चाचांना करमत नसे.

"भाईसाहब, फिर से ऑपरेशन?"

"हो ना चाचा. फिर से."

ते वाकले. बशी उन्हात होती. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बशीत पाहिलं, मग आणखी वाकून पाहिलं. "ये क्या तैर रहा है?"

मी पाहिलं. मला काहीच दिसेना. त्यांनी करंगळीचं नख बुडवलं आणि वर काढलं. नखावर केसाहून बारीक असा एक पांढरा तंतू चिकटला होता. चाचांनी तो अंगठ्यावर घेतला, चोळला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा खुलला. जत्रेत हरवलेला नातेवाईक सापडावा तसे ते म्हणाले, "अरे, ये तो आपला माल है! साठ नंबर का सूत!"

मग मलाही दिसायला लागलं. बशीभर तंतू होते. भांड्याच्या कडेला, जेटच्या आट्यांमध्ये, सगळीकडे. गाडी पळताना मोठ्या जेटमधून पेट्रोल जोरात जातं, तिथे सूत अडत नाही. पण उभ्या गाडीला पेट्रोल पाजणारा जेट सुईच्या अग्राएवढा, आणि त्याच्या तोंडाशी माझं सूत जाऊन बसायचं. मी उघडून पुसायचो, जुनं सूत निघायचं, नवं आत जायचं. तीन आठवडे मी त्या इंजिनाला इमानेइतबारे कापूस भरवत होतो.

चाचा इतके हसले की चहा सांडला. मग एकदम गंभीर झाले आणि कामाला लागले, कारण सुताचा विषय निघाला की ते मालक असतात. "कपडा नहीं. वेस्ट नहीं. हाथ भी मत लगाओ." सगळे भाग स्वच्छ पेट्रोलमध्ये बुडवून नुसते हलवले. सायकलचा पंप आणून प्रत्येक भोकात हवा मारली. मग स्टीलच्या ताटात मांडून उन्हात ठेवले, आणि आम्ही दोघं शेजारी बसून, काहीही न पुसता, ते वाळायची वाट बघत राहिलो. न पुसणं मला फार जड गेलं.

जोडलं. स्क्रू होता तिथे आणला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पाय काढला, आणि ते चालतच राहिलं. एकसारखं, बारीक आवाजात. वाटीतलं पाणी जेमतेम शहारत होतं. चाचांनी माझी पाठ थोपटली. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलोसुद्धा.

दुपारी बायको आली. मी तिला म्हटलं, "एक चक्कर मारून ये." ती एकटी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, दारात थांबली. गाडी सुरूच. तिचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. "एकदाही नाही पडली!" ती म्हणाली. "जमला! मला क्लच जमला!"

आता आली पंचाईत. गप्प बसलो असतो तर ती खूश होती. पण चाचा ओट्यावरच बसले होते, आणि मीही अगदीच गेलेला माणूस नव्हतो. मी सांगितलं. म्हणजे मी जेटविषयी सांगितलं. पेट्रोलचा प्रवाह, सुताचा नंबर, आपल्याकडचं वेस्ट किती वाईट दर्जाचं असतं, सगळं सविस्तर सांगितलं. यावर चाचा खाकरले.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माझा पाय तीन आठवडे बरोबर होता?"

"पाय तसा बरोबरच होता," मी म्हणालो, "पण—"

'पण' ऐकल्यावर ती आत निघून गेली. शनिवार-रविवार आमच्या घरात मीठ, पाणी आणि वर्तमानपत्र एवढ्यांपुरतंच संभाषण झालं. पण सराव तिने केला, आणि मान ताठ करून केला.

सोमवारी ठाण्याला परीक्षा. इन्स्पेक्टर पुढे बसले, मी मागे. तिने हात बाहेर काढून इशारे दिले, गाडी मागे घेतली, वळवली, सगळं बिनचूक. शेवटी त्यांनी एका चढावर गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, "आता उचला." तिने उचलली, आणि गाडी बंद पडली.

 माझ्या मनात पहिला विचार आला तो सुताचा. मी पुढे वाकून बोलणारही होतो, साहेब, गाडीत जरा बिघाड आहे.

"क्लच लवकर सुटला, साहेब," ती म्हणाली. "माझी चूक."

हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, आणि गाडी मागे एक बोटभरही न सरकवता चढावरून वर नेली. इन्स्पेक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पास." ते उतरून गेले.

मी मागच्या सीटवर तसाच बसून होतो. जे वाक्य मला तीन आठवडे जमलं नव्हतं, ते तिने इन्स्पेक्टरच्या तोंडावर, सगळं पणाला लागलेलं असताना, सहज म्हणून टाकलं होतं. मी उतरलो, पुढे येऊन तिच्या शेजारी बसलो, दार लावलं.

"तुझा पाय बरोबर होता," मी म्हणालो. "आणि मला ते माहीत होतं. माझी चूक होती."

इंजिन संथपणे चाललं होतं, तेव्हा ऐकू न येण्याचा प्रश्न नव्हता. तरी ती समोर बघत म्हणाली, "परत म्हणा."

मी परत म्हटलं. मग तिने पहिला गिअर टाकला.