पंचाहत्तर भागिले आठ

जळगावच्या शैलजाने लग्नाआधी समुद्र पाहिला होता तो फक्त कॅलेंडरवर. नवरा दिलीप सुरतेत बँकेत होता, म्हणून तीही सुरतेची झाली आणि १९९३ साली नदीकाठच्या मगदल्ला बंदरातल्या एका मालवाहतुकीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. वायरलेसवर बसणारा माणूस नोकरी सोडून गेला, तेव्हा मालक मगनभाईंनी हेडफोन तिच्यापुढे ठेवला.

"बेन, बार्ज निघाला की कधी पोचेल ते काढायचं, आणि हमालांना त्या वेळी बोलवायचं. बस, एटलुं ज."

पहिल्याच आठवड्यात मीठ भरलेला बार्ज सकाळी सहाला घोघ्याहून सुटला. आखातापलीकडून बार्ज चालवणारा तांडेल रघुनाथ वायरलेसवर ओरडला, "आठ नॉटने येतोय, ताई!"

शैलजाने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावली. पंचाहत्तर किलोमीटर. भागिले आठ. नऊ तासांच्या वर! डिंडोलीच्या हमालांना तिने तीनला यायचा निरोप धाडला आणि निवांत टायपिंगला बसली.

अकराला खिडकीबाहेर भोंगा वाजला. बार्ज धक्क्याला लागलेला, आणि धक्क्यावर एका कुत्र्याशिवाय चिटपाखरू नाही. हमाल आले तोवर ओहोटी लागून बार्ज चिखलात बसला होता. मिठाच्या गोणी एवढ्या खालून वर चढवताना हमाल जे बोलले, ते शैलजाने ऐकूनही ऐकलं नाही.

"दरियामां किलोमीटर न चाले, बेन!" मगनभाईंनी कपाळावर हात मारला.

गुहागरचा रघुनाथ मात्र हसत होता. "नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल. आणि आमचा मैल पावणेदोन किलोमीटरांहून थोडा मोठाच. तुमचे पंचाहत्तर म्हणजे आमचे चाळीस."

"म्हणजे पाच तास," शैलजा पुटपुटली. तिचे कान लाल झाले.

पुढच्या खेपेला तिने चाळीसला आठाने भागलं, हमाल वेळेवर हजर झाले, आणि बार्ज दीड तास उशिरा आला!

"आता काय चुकलं?"

"गणित बरोबर, ताई. पाणी उलटं होतं."

"मग मला ते पाणी दाखवा," शैलजा हट्टाला पेटली.

रविवारी रघुनाथला इंजिन तपासायला रिकामा बार्ज नदीच्या मुखापर्यंत न्यायचा होता. शैलजा चढली, मागोमाग दिलीपही. ओहोटीबरोबर बार्ज असा सुसाट निघाला, की डुमसची झाडं बघता बघता मागे पडली.

"जेवायला घरी असू," शैलजा म्हणाली.

परतताना तीच झाडं जागची हलेनात. इंजिन तेवढंच धडधडत होतं, पण पाणी बार्जला मागे रेटत होतं. दिलीपला बोट लागली होती, तो कठडा धरून ओणवा झाला होता. "अगं, तुझं गणित सुटलं का?" त्याने कसंबसं विचारलं.

"सुटलं!" शैलजा वाऱ्यात ओरडली. ती इतकी खुशीत होती, की नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायचंही तिला उशिरा सुचलं.

सोमवारी तिने मगनभाईंकडून भरती-ओहोटीचं वेळापत्रक मागून घेतलं. दिवाळीपर्यंत डिंडोलीचे हमाल तिचा निरोप आला की दुसऱ्या कुणाला विचारायचं सोडून सरळ सायकली काढू लागले.