एका कॅनव्हासवर किती बाबा

"माझ्या भावाच्या कपाळावर कान? अरे, कपाळावर?" आत्या ओरडत होती. तिचा आवाज असा, की सातपूरच्या कारखान्यांनी त्या दिवशी भोंगे वाजवायची गरज नव्हती, अर्धी शिफ्ट तिच्यावरच सुटली असती. मी ब्रश घेऊन कॅनव्हासच्या आडोशाला उभा. बाबा गेल्याला आठवडा उलटला होता. तेराव्याला भिंतीवर फोटो हवा आणि घरात फोटो नाही.

म्हणजे होते दोन. एक लग्नातला, त्यात मुंडावळ्यांमागे कोण बसलंय हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं. दुसरा कारखान्याच्या गेटपासवरचा. त्याच्यावर कुणीतरी शिक्का असा दणकून मारलेला, की उजवा डोळा, उजवा गाल आणि अर्धं नाक जांभळ्या शाईत बुडालेलं. घरात चित्रकलेचा डिप्लोमा केलेला मुलगा असताना स्टुडिओवाल्याकडे कशाला जायचं, हा निकाल आत्यानेच दिला होता. त्या डिप्लोमासाठी बाबा वर्षानुवर्षं डबल शिफ्ट मारत होते. मी नाही कसा म्हणणार?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पाश्चात्त्य कलेचा अख्खा इतिहास आम्ही काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर शिकलेलो. इम्प्रेशनिझम म्हणजे धुक्यात उडालेली राख, अशी माझी बरेच दिवस प्रामाणिक समजूत होती. तरी भरवसा दांडगा. युरोपला जे करायला पाचशे वर्षं लागली, ते मी सुतकात, एकाच कॅनव्हासवर उरकायला घेतलं.

सुरुवात प्रबोधनकाळापासून. सगळं मोजूनमापून, चेहऱ्यावर शांती, मागे पांडवलेण्यांचा डोंगर. बाबा संतच झाले. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ह्याच्या हातचा मार मी खाल्लाय, हा तो नव्हे. पुसलं. मग बरोक. त्यात काळोख भरपूर आणि उजेड एकाच बाजूने, म्हणजे शिक्क्याची बाजू बिनबोभाट अंधारात ढकलता येत होती. आत्याने विचारलं, लाइट गेली होती का रे तेव्हा? मग इम्प्रेशनिझम, नुसते रंगांचे ठिपके. ते लांबून बाबा दिसायचे आणि जवळ गेलं की कुणीच नसायचं. आईने ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, दोन पावलं पुढे आली, तिथेच थांबली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ते तर मी घाईघाईनेच पुसलं. तेलरंग वाळायला तयार नव्हते. एका बाबांच्या खालून दुसरे बाबा डोकवायचे.

शेवटी सगळ्यांना विचारत सुटलो. त्या बाजूच्या गालावर काय होतं? आत्या म्हणाली, तीळ. काका म्हणाले, तीळ कसला, लहानपणी पडल्याची खूण. शेजारचे म्हणाले, दोन्ही नाही, खळी पडायची. आईला विचारायचा धीर झाला नाही. आणि मला? बाबा पहाटे जायचे तेव्हा मी झोपलेला, मी घरी असायचो तेव्हा ते डोळ्यांवर आडवा हात टाकून झोपलेले. कॉलेजात मॉडेल म्हणून भाड्याने बसवलेल्या म्हाताऱ्याच्या पापण्या मी आजही मोजून सांगेन. बाबांचा उजवा गाल आठवेना.

सगळ्यांचंच खरं धरायची सोय जगात एकाच इझमकडे होती. क्यूबिझम. एकच चेहरा चारी बाजूंनी एकदम. तीळ इकडे, खूण तिकडे, खळी मधोमध, आणि जागा उरली तिथे कान. तेव्हा ते आत्याचं ओरडणं. सुतकाच्या घरात इतका आवाज गल्लीने पहिल्यांदाच ऐकला असेल.

ती दमून बसली, तेव्हा मी कॅनव्हास खरवडला आणि बाबांचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढून समोर ठेवला. आता वास्तववाद. डावी बाजू गेटपासवरून उतरवली. उजवी आरशातून घेतली, म्हणजे माझीच. तिला सुरकुत्या घातल्या, केस पांढरे केले. काकांच्या आग्रहाने अंगात कोट चढवला, जो बाबांनी जन्मात घातला नव्हता.

तेराव्याला आत्या चित्रासमोर मोठ्याने रडली. अगदी तसाच आहे, आत्ता बोलेल, म्हणाली. तिळाचं नावही कुणी काढलं नाही. काकांनी झेंडूचा हार धरून बघितला, तर दोन पाकळ्या ओल्या कोटाला चिकटून बसल्या.

पंगत उठल्यावर आई आली. हात पुसत समोर उभी राहिली. डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. मग एकदा माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "जमलंय का?"

"चांगलं आहे," आई म्हणाली. "हे असे नव्हते. लाव भिंतीवर."