महादेवकाकाची मेणाची डबी

वणीच्या शाळेत मी वह्या तपासत बसले होते, तेव्हा गजाननचा फोन आला. "ताई, आमचा बाप गेला वं," एवढंच बोलला. त्याचा बाप म्हणजे माझा महादेवकाका. सायंकाळी बोरी अरबला पोचले, तर बाबा अंगणात सनई मांडीवर घेऊन बसलेले. वाजवत नव्हते, नुसती धरून होते.

आमच्या घरी वाजंत्री तीन पिढ्यांची. बाबांची सनई, गजाननचं डफडं आणि काकाचा सूर. सूर म्हणजे दिसायला सनईच, ओठात धरायची पत्तीही तशीच, पण तिच्यातून एकच स्वर काढायचा आणि तो तुटू द्यायचा नाही. नाकानं श्वास घ्यायचा, गालातली हवा सोडत राहायची. लग्नघरचे लोक शेला बाबांना देत आणि काकाला विचारत, "तुम्ही कधी शिकान वाजवायले?" राग मला यायचा. काका म्हणायचा, "लोक भाजी वाखाणतात पोरी, भाकरीले कोन वाखाणते?"

मुलीच्या जातीनं वाजवायचं नाही, हा बाबांचा कायदा. काकानं तो चोरून मोडला. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून द्यायचा, पाण्याच्या गिलासात बुडवून फुंकायला लावायचा. बुडबुडे थांबले की टपली! दोन उन्हाळ्यांत माझे बुडबुडे थांबेनासे झाले. काकू म्हणायची, "पोट्टीचे गाल फुगोऊन ठेवले, आता करून घेईन कोन?"

काकाच्या खिशात मेणाची एक पत्र्याची डबी असे. सुराच्या भोकांवर मेण लावून तो स्वर जुळवायचा; मेण जास्त दाबलं की स्वर खाली येई. पुढेपुढे मात्र वाजवता वाजवताच त्याचा अंगठा मेणावर जाई. मी एकदा विचारलं, "मधातच मेण कायले दाबता?" म्हणाला, "थंडीनं पत्ती आखडते." तेव्हा नेरला भर मे महिन्यातलं लग्न होतं... आणि मी ते खरं मानलं. मास्तरीण झाले तरी अक्कल येतेच असं नाही.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी पोळा आला. लग्नं एव्हाना डीजेनं नेली होती. गावात आमचा एवढाच मान उरला होता, तोरणाखाली बैल उभे राहिले की आमची सनई. गजाननला डफडं आणि सूर दोन्ही जमेनात, म्हणून त्यानं मोबाइलमध्ये सूर लावून स्पीकर ठेवला. बाबांनी सनई त्याच्याशी जुळवून घेतली. सुरुवात झकास झाली. पाचेक मिनिटांत मात्र कानाला टोचायला लागलं. बाबा थांबले. "हे मशीन उतरून राह्यलं!" गजाननने तीनदा तपासलं. मशीन जागच्या जागी होतं.

उतरत होते बाबा. वयानं दम कमी पडला होता, थकले की स्वर खाली घसरायचा. आणि कितीतरी वर्षं काका मेण दाबून आपला सूर त्यांच्यासोबत खाली नेत होता, गावाला कळू न देता. मला तिथेच, बैलांच्या गर्दीत, रडू फुटलं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पेटीत घाल हे सारं, कुलूप लाव. झालं आपलं." मी काकाच्या खुंटीवरून सूर काढला, ओठाला लावला आणि धरला. बाबा बघतच राहिले. कायदा आठवला असेल. बऱ्याच वेळानं त्यांनी सनई उचलली.

आता दर रविवारी मी बोरीला जाते. डबीतल्या मेणावर काकाच्या अंगठ्याचे ठसे अजून आहेत. मी एका कोपऱ्यातूनच थोडं थोडं घेते. परवा वाजवता वाजवता बाबांचा स्वर खाली आला, माझा अंगठा आपसूक मेणावर गेला. चीज संपल्यावर त्यांनी विचारलं, "मधातच मेण कायले दाबलं वं?"

"पत्ती आखडली, बाबा."

त्यांनी सनई धोतराच्या सोग्यानं पुसली. "महाद्याबी हेच सांगे," म्हणाले, "अन् मीबी हो म्हनो." मग सनई पुन्हा ओठाला लावून माझ्या सुराची वाट पाहत बसले.