ओटी भरून विकलेली गाडी

रावेरच्या कामिनीचं एखादं काम ठरलं की तिचे पाय आधी दाराबाहेर पडतात आणि चपला मागून. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कच्च्या केळीचे वेफर्स तळायला लागली तेव्हा तिच्याजवळ एकच कढई होती. आठ वर्षांत हाताखाली चार बाया आल्या आणि माल सावदा-फैजपूरपर्यंत जायला लागला. जायचा मात्र रिक्षावाल्याच्या मर्जीने, आणि पोहोचेपर्यंत निम्म्या पाकिटांचा चुरा. भुसावळच्या एका मोठ्या दुकानदाराने तर तोंडावर सांगितलं, "ताई, सोमवारी आणि गुरुवारी माल दारात पाहिजे. स्वतःची गाडी असेल तर आखाजीनंतर सुरू करू. नाहीतर राहू द्या."

त्या दिवसापासून कामिनीच्या डोक्यात गाडीच फिरायला लागली. देवघरात मनुदेवीच्या तसबिरीपुढे हात जोडले तरी ओठांवर नाव गाडीचंच.

आणि देवीनेच धाडला की काय, असा अभिमनभाऊंचा फोन आला. अभिमनभाऊ तिच्या माहेरचे, पारोळ्याजवळच्या गावचे. नोकरी धुळ्यात केली आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. सख्खे नात्यातले नव्हेत, पण माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊच. त्यांना आपली निळी व्हॅन विकायची होती.

आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कामिनी नवऱ्याला घेऊन धुळ्याला पोहोचली. नवरा हेमराज केळीच्या पॅकिंगवर मुकादम, शांत माणूस. निघण्याआधी तिने गॅरेजवाल्या झुलालला फोन केला होता. तो म्हणाला, "अक्का, आज सगळी गॅरेजं बंद. दोन दिवस थांबा, मी येऊन खालून-वरून बघतो."

"अरे, मुहूर्त आज आहे. परवा कोणता मुहूर्त?"

धुळ्यात अंगणात गाडी उभी होती. धुतलेली, हार घातलेली, चाकांखाली लिंबं ठेवलेली. वहिनीने पुरणपोळी वाढली. मग कामिनीला पाटावर बसवून खण-नारळाने ओटी भरली. कामिनीचे डोळे भरून आले. हेमराजने हळूच कोपर मारलं, "बॉनेट तरी उघडून बघू का?"

"अहो, गप बसा. ओटीत नारळ घेऊन भावाच्या गाडीखाली वाकायचं का आता?"

अभिमनभाऊंनी छापील विक्रीनामा पुढे केला. "हाई नुसतं आरटीओसाठी शे. कर सही. मी काय परका शे का?" तिने केली. त्यात 'गाडी जशी आहे तशी पाहून घेतली' अशी एक ओळ होती. ती ओळ तिने वाचली आणि नंतर विसरलीसुद्धा.

गाडी नावावर झाली, भुसावळचा माल सुरू झाला. पहिले तीन आठवडे कामिनी पुढच्या सीटवर अशी बसायची की जणू लग्नाची वरात निघाली आहे. चौथ्या आठवड्यात सावद्याच्या पुढे व्हॅनने जोरात आचका दिला, धूर सोडला आणि रस्त्याच्या मधोमध बसली. टोचन लावून ती झुलालच्या गॅरेजात आणली. झुलालने जॅक लावला, पायाखालची मॅट उचलली आणि खालच्या पत्र्यावरून बोट फिरवत राहिला.

"अरे, बोल की!"

"अक्का, हिचं पुढचं निम्मं अंग दुसऱ्याच गाडीचं आहे. हा बघा जोड. मोठी ठोकर खाल्लेली गाडी आहे ही. आणि मीटर म्हणतं अठ्ठावन्न हजार? क्लच बघून मला तर ते कुठल्या कुठे गेलेलं वाटतं."

कामिनीने डोक्याला हात लावला नाही. तिने विचारलं, "हे कुठे लिहिलेलं मिळेल?"

झुलाल हसला. "गाडी तुमच्या नावावर आहे ना? मग सर्व्हिस सेंटरात जा आणि जुनी नोंद मागा."

दुसऱ्याच दिवशी ती जळगावला गेली आणि नोंदीचा छापील कागद घेऊन आली. दोन वर्षांपूर्वीच गाडी एक लाख एकसष्ट हजार किलोमीटर फिरलेली होती. अपघातानंतरच्या दुरुस्तीची तारीख होती आणि खाली मालकाचं नाव स्वच्छ होतं: अभिमनभाऊंचं.

तिने फोन लावला. अभिमनभाऊ आधी गडबडले, मग चिडले. "जुनी गाडी शे, जुन्यासारखी चालणार! तू बघून घेतली, सही करी."

हेमराज म्हणाला, "जाऊ दे. माहेरच्या माणसाशी भांडण नको. तुझी आई तिथे एकटी राहते."

काळजी खरी होती. कामिनीने पारोळ्याकडे आईला, बेबाबाईंना फोन लावला. सगळं ऐकून आई म्हणाली, "बठ्ठं गाव बोलनार शे. बोलू दे. तुले जे खरं वाटस ते कर."

झालं! कामिनीच्या पायांना परत चाकं लागली. पहिली फेरी जळगावच्या ग्राहक आयोगाची. तिथल्या कारकुनाने आपुलकीने समजावलं, "ताई, ते गाड्यांचा धंदा करतात का? नाही ना? माणसाने स्वतःच्या घरची गाडी एकदा विकली, तर ते आमच्याकडे बसत नाही. तुमचा रस्ता दिवाणी कोर्टाचा. व्यवहार धुळ्यात झाला, माणूस धुळ्याचा, तर धुळ्याला जा. आणि वकिलाची चिंता करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो."

"फुकट?" ती जिना उतरताना हेमराजला म्हणाली. "आणि आपण इतके दिवस घाबरत होतो!"

धुळ्याची एस.टी., अर्धं तिकीट, मांडीवर कागदांची पिशवी. प्राधिकरणाने वकील दिली ती सारिका, तिशीतली, बोलायला झणझणीत. तिने विक्रीनामा वाचला, नोंद वाचली आणि पहिला प्रश्न टाकला, "गाडी अजून चालवता का?"

"झुलालने क्लच बसवून दिला तर सोमवारचा माल..."

"अजिबात नाही! खोटं सांगून केलेला करार तुम्हाला रद्द करता येतो. पण खोटं कळल्यावरही तुम्ही गाडी वापरत राहिलात, तर समोरचा म्हणेल, यांना चालत होतं. उभी करा. क्लचही बदलू नका. आता सांगा, अठ्ठावन्न हजार हे त्यांनी कुठे लिहून दिलंय?"

"लिहून नाही हो. बोलून." कामिनीने मोबाइल काढला. सौद्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अभिमनभाऊंचा आवाज खणखणीत वाजला: "अठ्ठावन्न हजार फिरेल शे, एक ठोकर नही. डोया झाकी ले."

सारिका खुर्चीतून अर्धी उठली. "ताई! डोळे झाकून घे म्हणतात! हा निरोप पुसू नका, मोबाइल बदलू नका. हा तुमचा साक्षीदार आहे."

नोटीस गेली. उत्तर आलं ते एका ओळीचं: जशी आहे तशी पाहून घेतली. मग सारिकाने दावा लावण्याआधी लोकअदालतीत प्रकरण ठेवलं. "तिथे जबरदस्ती नाही," तिने आधीच बजावलं. "दोघं राजी झाले तरच निवाडा. पण झाला तर कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का, वर अपील नाही. ते उठून गेले तर आपण दावा लावू, पण त्याला वर्षं लागतील."

वर्षं! भुसावळचा दुकानदार दोन महिने थांबायला तयार होता. त्यातला दीड महिना सरला होता, आणि सावदा-फैजपूरचा माल परत रिक्षातून जात होता.

लोकअदालतीच्या दिवशी कामिनी पहाटेची पूजा आटोपून निघाली. मनात भीतीपेक्षा उत्साहच जास्त होता. टेबलापलीकडे एक निवृत्त न्यायाधीश आणि एक वयस्क वकील बसले होते. अभिमनभाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले. तिच्याकडे न बघता ते न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, सही तिचीच आहे. जशी आहे तशी."

सारिका शांतपणे म्हणाली, "साहेब, गाडी कशी आहे हेच यांनी खोटं सांगितलं. मग जशी आहे तशीला अर्थ काय उरला?"

मोबाइल टेबलावर ठेवला गेला. खोलीत अभिमनभाऊंचाच आवाज घुमला. न्यायाधीशांनी नोंदीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि चष्म्यावरून पाहिलं. "आवाज तुमचा?"

"हो."

"नाव तुमचं?"

"हो. पण मीटर मी मागे केलं नाही साहेब. एका एजंटाने सांगितलं, असं केल्याशिवाय गिऱ्हाईक उभं राहत नाही..."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

अभिमनभाऊंनी रुमालाने मान पुसली. मग घसा खाकरून म्हणाले, "निम्मे पैसे देतो. गाडी तिच्याकडेच राहू दे. दुरुस्त करून घेईल."

हेमराजचा चेहरा एकदम सैल झाला. तो कामिनीच्या कानाशी लागला, "घे. निम्मे तर निम्मे. आजच संपेल."

आज संपेल! ही गोष्ट तिलाही मोहात पाडत होती. तिने एकदा डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि उघडले.

"भाऊ," ती म्हणाली, "जोड दिलेली गाडी मी रस्त्यावर आणणार नाही. तिच्यात माझ्या बाया बसतात. गाडी तुम्ही न्या, पैसे पूर्ण द्या. नाहीतर दावा. मी येईन दर तारखेला, अर्ध्या तिकिटात."

वयस्क वकिलांना हसू आवरेना. अभिमनभाऊ उठले. गेले की काय? सारिकाने पेन हातात घट्ट धरलं. पण ते दारापर्यंत जाऊन थांबले. "घरी फोन करून येतो."

व्हरांड्यात त्यांचा आवाज आधी चढा होता, मग बसका झाला, मग नुसतं "हो... हो... बरं" ऐकू यायला लागलं. पलीकडे वहिनी बोलत होती, हे कामिनीला न ऐकताही समजलं. दहा मिनिटांनी ते आत आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "लिहा साहेब."

निवाडा लिहिला गेला. गाडी अभिमनभाऊंनी स्वखर्चाने रावेरहून न्यायची, परत नावावर करून घ्यायची, आणि पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत कामिनीच्या खात्यावर जमा करायची. सही करताना त्यांचा हात थांबला. "कामिनी, गावात काय सांगशील?"

"विचारलं तर झालं तेच सांगेन. नाही विचारलं तर नाही."

त्यांनी मान हलवली आणि सही केली.

बाहेर पायऱ्यांवर हेमराजचा फोन सुरू झाला होता. "झुलाल! अरे, निम्मे देत होता, आम्ही ऐकलंच नाही! सरळ सांगितलं, पूर्ण नाहीतर दावा!" कामिनीने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. तिने भुसावळला फोन करून आणखी पंधरा दिवस मागितले. दुकानदाराने कुरकुरत दिले. मग ती सारिकाकडे वळली.

"सारिकाताई, आता दुसरी गाडी घ्यायची. विक्रीनाम्यात काय काय लिहून घ्यायचं?"

"आत्ता? इथे?"

"मीटर किती, ठोकर आहे की नाही, हे त्यांच्या हाताने लिहून घ्यायचं ना? आणि सर्व्हिसची नोंद आधी?"

सारिकाने हसत नोटिशीचं जुनं पाकीट उलटं केलं आणि पायरीवरच बसून लिहायला घेतलं.

"अगं, साडेचारची बस जाईल!" हेमराज ओरडला.

"जाऊ द्या," कामिनी तिच्या शेजारी टेकत म्हणाली. "सहाची आहे."